पत, तारण आणि खतावणी

बोरघाटाच्या पायथ्याशी, उल्हास आणि पाताळगंगा या नद्यांच्या खोऱ्यांत पसरलेल्या कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांचे अर्थजीवन गेल्या दीडशेहून अधिक वर्षांत बाहेरून आलेल्या मोठ्या भांडवलाने घडवले आहे. १८६३ मध्ये बोरघाटातून लोहमार्ग सुरू झाला आणि घाट चढणाऱ्या गाड्यांना जादा इंजिने जोडण्याचे ठाणे म्हणून कर्जतचे महत्त्व वाढले. १९१५ मध्ये टाटांच्या खोपोली येथील जलविद्युत केंद्रातून मुंबईच्या कापडगिरण्यांना वीज मिळू लागली आणि १९२२ मध्ये भिवपुरीचे केंद्र त्याच्या जोडीला आले. स्वातंत्र्योत्तर काळात खोपोलीच्या आसमंतात कागदाचे व पोलादाचे कारखाने उभे राहिले, आणि १९६० मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्तान ऑरगॅनिक केमिकल्स या सरकारी कंपनीच्या कारखान्याने रसायनीला तिचे आजचे रूप दिले. या मोठ्या उद्योगांच्या आश्रयाने, आणि पुष्कळदा त्यांच्या आश्रयावाचूनही, येथे लहान धंद्यांचे एक दाट जाळे विणले गेले. कडाव-कशेळे बाजूच्या भातगिरण्या, खोपोलीचे वेल्डिंग आणि फॅब्रिकेशनचे गाळे, नदीकाठच्या वीटभट्ट्या, कोंबडीपालनाच्या शेड, नेरळ-कर्जतच्या खानावळी आणि अलीकडे शहरातील पर्यटकांसाठी बांधलेल्या चार-सहा खोल्यांची घरे, या साऱ्यांच्या मागे एकेका कुटुंबाचे श्रम आणि एकेका पिढीची बचत उभी आहे. दहा-बारा वर्षे धंदा टिकवून धरल्यावर ज्याला तो एक पायरी वर न्यावासा वाटतो, आणि त्यासाठी जो आयुष्यात प्रथमच बँकेच्या व्यवस्थापकासमोर कागद घेऊन बसतो, त्या गृहस्थासाठी हा लेख आहे.

अशा गृहस्थाच्या मनात पहिला विचार येतो तो जमिनीचा. मुंबईकरांच्या फार्महाऊसांनी, द्रुतगती मार्गाने आणि पनवेल-कर्जत उपनगरी रेल्वेच्या कामाने या मुलखातील जमिनीचे भाव असे वाढले आहेत की, ज्याच्या नावावर दोन एकर आहेत तो स्वतःला सहजच धनिक समजतो; आणि ‘एवढी जमीन असताना बँक नाही म्हणेलच कशी?’ हा त्याचा प्रश्न वरकरणी अगदी रास्त वाटतो. तथापि बँकेच्या दृष्टीने ही जमीन पुष्कळदा फारच दुबळे तारण असते, आणि त्याची कारणे नीट समजून घेतली म्हणजे व्यवस्थापकाच्या नकारात आकस नसतो हेही ध्यानात येते.

थकलेले कर्ज न्यायालयात न जाता वसूल करण्याचा जो अधिकार बँकांना २००२ च्या सरफेसी कायद्याने दिला, त्याच कायद्याच्या ३१व्या कलमाने शेतजमिनीवरील तारण त्या अधिकारातून वगळले आहे. शेतकऱ्याच्या हिताचीच ही तरतूद आहे, आणि ती असावी असेच माझे मत आहे. परंतु तिचा परिणाम असा की, गिरणीसाठी किंवा गाळ्यासाठी कर्ज देताना बँक शेतीच्या सातबाऱ्याकडे पाहून फारशी आश्वस्त होत नाही. त्यातही कुळकायद्याने मिळालेली जमीन बहुधा भोगवटादार वर्ग दोनची असते, आणि तिच्या हस्तांतरणाला पूर्वपरवानगीच्या व नजराण्याच्या अटी चिकटलेल्या असतात. कर्जत आणि खालापुरात ठाकूर व कातकरी समाजाची वस्ती मोठी आहे. आदिवासी खातेदाराच्या जमिनीवर महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या ३६ आणि ३६-अ या कलमांचे संरक्षण आहे, आणि ते तसेच राहिले पाहिजे. याखेरीज सामाईक सातबाऱ्याचा प्रश्न वेगळाच. आजोबांच्या नावाची जमीन तीन काका, दोन आत्या आणि त्यांची मुले यांच्या नावांसह फेरफारात उतरलेली असते. वाटप तोंडी झालेले असते. आणि ज्या आत्याने पन्नास वर्षांत त्या बांधावर पाऊल ठेवले नाही तिचीही सही बँकेला लागते. बिनशेती परवाना नसलेल्या जागेवर उभारलेली शेड, घरपट्टीच्या पावतीखेरीज दुसरा पुरावा नसलेले गावठाणातील घर, या गोष्टीही तारण म्हणून तोकड्या पडतात. गावठाणातील मिळकतींची मोजणी करून मालमत्ता पत्रक देणारी स्वामित्व योजना २०२० मध्ये सुरू झाली. ज्यांना असे पत्रक मिळाले असेल त्यांनी ते जपून ठेवावे, कारण घराला कागदोपत्री अस्तित्व त्यानेच येते.

आणखी एक गोष्ट खास या भागातील आहे. ४ फेब्रुवारी २००३ च्या अधिसूचनेने माथेरान आणि त्याच्या भोवतालचा प्रदेश पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र ठरला आहे, आणि डोंगराच्या पायथ्याची कित्येक गावे त्याच्या मर्यादेत किंवा मर्यादेलगत येतात. तेथे कोणता उद्योग वाढवता येईल आणि कोणता नाही, यावर निर्बंध आहेत. यंत्र आणण्यापूर्वी, किंबहुना यंत्राचे दरपत्रक मागवण्यापूर्वीच, आपल्या गट क्रमांकाचा विभाग कोणता याचा दाखला काढून घेणे शहाणपणाचे. अन्यथा कर्ज मंजूर व्हावे आणि परवाना अडावा असा दुर्धर प्रसंग ओढवतो, आणि व्याज मात्र परवान्यासाठी थांबत नाही.

तर मग बँक कर्ज देते ते कशाच्या भरवशावर? याचे उत्तर समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल, आणि तो इतिहास रायगडकरांना परका नाही. तत्कालीन कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड, जिल्ह्यात महाडजवळच्या नाते या गावी जन्मलेले चिंतामणराव देशमुख १९४३ मध्ये रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले आणि पुढे १९५० मध्ये देशाचे अर्थमंत्री. त्यांच्या मंत्रिपदाच्या काळातच गोरवाला समितीच्या ग्रामीण पतपाहणीचा अहवाल १९५४ मध्ये प्रसिद्ध झाला. शेतकऱ्यांनी १९५१-५२ मध्ये काढलेल्या कर्जापैकी व्यापारी बँकांचा वाटा एक टक्काही नाही, सहकारी संस्थांचा जेमतेम तीन टक्के, आणि धंदेवाईक व शेतकरी सावकारांचा मिळून सुमारे सत्तर टक्के आहे, असे त्या पाहणीने दाखवून दिले. या अहवालातूनच १९५५ मध्ये इम्पीरियल बँकेचे रूपांतर स्टेट बँकेत झाले. गोरवाला समितीचे एक सदस्य, पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे धनंजयराव गाडगीळ, यांच्याच अध्यक्षतेखालील अभ्यासगटाने १९६९ मध्ये प्रत्येक जिल्ह्याच्या पतपुरवठ्याचा विचार त्या त्या क्षेत्राच्या गरजेनुसार व्हावा अशी शिफारस केली. त्याच वर्षीच्या १९ जुलैला चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले होते आणि वर्षअखेरीस अग्रणी बँक योजना सुरू झाली, जिच्यात आपल्या जिल्ह्याची जबाबदारी बँक ऑफ इंडियाकडे आहे.

शाखा गावोगावी पोचल्या, तरी ‘तारण आणा, कर्ज न्या’ ही वृत्ती एकदम पालटली नाही. ती पालटण्याचा शास्त्रशुद्ध प्रयत्न १९७५ च्या टंडन समितीने आरंभला, आणि लहान उद्योगांपुरता तो १९९२ मध्ये पी. आर. नायक समितीने पुढे नेला. कर्जाचे मोजमाप कर्जदाराच्या मिळकतीवरून न करता त्याच्या धंद्याच्या गरजेवरून आणि परतफेडीच्या कुवतीवरून करावे, हे या समित्यांच्या विचाराचे सार होते. २०१० मध्ये तर सूक्ष्म व लघु उद्योगांच्या दहा लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण मागू नये असा बंधनकारक नियमच रिझर्व्ह बँकेने केला. हा नियम ठाऊक नसल्यामुळे आपल्याकडचे कितीतरी लोक आईच्या पाटल्या पतपेढीत ठेवतात, आणि याचे मला मनापासून दुःख होते.

तारणाची जागा ज्याने घ्यायची तो म्हणजे हिशेब. आणि येथेच आपल्या लहान व्यावसायिकाची बाजू लंगडी पडते. दिवाळीला वहीपूजन निष्ठेने करणाऱ्या घरात त्या वहीतील कीर्द-खतावणी मात्र वर्षभर कोरी असते. विक्री रोखीने होते. जी मोबाइलवरून होते ती पत्नीच्या किंवा मुलाच्या बचत खात्यात जाते. आणि धंद्याच्या चालू खात्यावर महिन्याकाठी चार नोंदीही दिसत नाहीत. करपात्र मर्यादेच्या आत राहावे म्हणून वर्षानुवर्षे उत्पन्न कमी दाखवलेले असते, आणि कर्ज मागण्याच्या वेळी मात्र ‘साहेब, कागदावर काही असो, धंदा जोरात आहे’ असे सांगावे लागते. साहेबांना ते खरे वाटतही असेल. परंतु त्यांच्या वरच्या कार्यालयात वाचला जातो तो कागदच. कर वाचवण्यासाठी झाकलेले उत्पन्न कर्जाच्या अर्जापुरते उघडे करता येत नाही, आणि कुणा मध्यस्थाकडून फुगवलेला ताळेबंद करून घेणे हा तर सरळ लबाडीचा व पुढे फौजदारीचा मार्ग आहे. यास्तव ज्याला दोन वर्षांनी कर्ज हवे असेल त्याने आजपासूनच प्रत्येक विक्री चालू खात्यातून जाऊ द्यावी, विवरणपत्रे वेळेवर आणि खरी भरावीत, आणि २०२० मध्ये सुरू झालेली उद्यम नोंदणी करून घ्यावी. ही नोंदणी विनामूल्य आहे आणि घरबसल्या होते. तिच्यासाठी कुणाला पैसे मोजण्याचे कारण नाही.

आता बँक प्रत्यक्षात कसा विचार करते ते एका उदाहरणाने पाहू. त्यातील आकडे केवळ समजावण्यासाठी घेतले आहेत. कडाव बाजूचा एक गिरणीमालक शेतकऱ्यांचे भात भरडून देतो आणि भरडाईवर त्याचे घर चालते. कर्जतच्या संशोधन केंद्रातून निघालेल्या कर्जत-३, कर्जत-७ अशा भाताच्या जाती या भागात परिचित आहेत. हे भात आपणच विकत घ्यावे, स्वच्छ तांदूळ करून पाच-दहा किलोच्या पिशव्यांत भरावा आणि सुट्टीला येणाऱ्या मुंबईकरांना व बदलापूर-पनवेलच्या दुकानदारांना विकावा, असे त्याच्या मनात आहे. जुन्या हलरमध्ये कणी फार पडते, म्हणून त्याला रबर रोलचा शेलर, खडे वेगळे करणारे यंत्र आणि पॉलिशर हवे. दरपत्रकांची बेरीज अकरा लाख. तीन लाख तो स्वतः घालणार आणि आठ लाख बँकेकडे मागणार. अकरा टक्के व्याजाने पाच वर्षांची मुदत धरली तर महिन्याचा हप्ता सुमारे १७,४०० रुपये होतो. म्हणजे वर्षाला दोन लाख नऊ हजारांच्या आसपास, आणि पाच वर्षांत मुद्दलावर व्याज सुमारे दोन लाख चव्वेचाळीस हजार. बँक पाहते ते असे की, धंद्याचा निव्वळ नफा, त्यात घसारा आणि या कर्जाचे व्याज मिळवून येणारी रक्कम वर्षाच्या हप्त्यांच्या साधारण दीडपट तरी भरते की नाही. येथे ती सव्वातीन लाखांच्या जवळपास असली पाहिजे. दीडपट एवढ्यासाठी की, एखाद्या वर्षी पाऊस लांबला, भात भिजले, यंत्राचा पट्टा तुटून ऐन हंगामात आठ दिवस गेले, तरी हप्ता चुकू नये.

परंतु या गणितात एक गोष्ट बँकेचा कागद पुरेशी विचारत नाही आणि गिरणीमालकही स्वतःला विचारत नाही. ती म्हणजे घरखर्च. एकट्याच्या मालकीच्या धंद्यात मालकाला पगार नसतो. गणपतीचा सण, मुलीची फी, वडिलांचे औषधपाणी, चुलत भावाच्या लग्नातला आहेर, हे सारे त्याच गल्ल्यातून जाते. तेव्हा सव्वातीन लाख शिल्लक म्हणायचे ते घरखर्च वजा जाऊन. ट्रॅक्टरचा किंवा मोटारसायकलचा चालू हप्ताही त्यातून आधी वजा व्हायला हवा. ज्याने हा हिशेब एका रात्री पत्नीला सोबत बसवून प्रामाणिकपणे मांडला, त्याने अर्धे काम केले. आणि हिशेब जुळत नसेल तर आठ लाखांऐवजी चार लाखांचे एकच यंत्र घेण्यात कमीपणा नाही.

याहूनही गंभीर चूक पुढे होते, आणि लहान धंद्यांचा विस्तार फसतो तो बहुतेक वेळा तिच्यामुळे. यंत्रासाठी कर्ज मिळते, यंत्र येते, पूजा होते, आणि भात विकत घ्यायला पैसा उरत नाही. यंत्रासाठी जे मिळते ते मुदत कर्ज. माल, मजुरी, वीज आणि उधारी यांत जो पैसा सतत फिरत राहतो त्यासाठी खेळते भांडवल वेगळे लागते, आणि त्याची सोय बँका कॅश क्रेडिट खात्याने करतात, ज्यात मंजूर मर्यादेपैकी जेवढी रक्कम उचलली तेवढ्यावरच व्याज पडते. नायक समितीने यासाठी एक सोपा ठोकताळा घालून दिला: वर्षाच्या अपेक्षित उलाढालीच्या पंचवीस टक्के खेळते भांडवल लागते असे धरावे, त्यातील वीस टक्के बँकेने द्यावेत आणि पाच टक्के मालकाने घालावेत. साठ लाखांच्या उलाढालीला या हिशेबाने पंधरा लाख लागतील. बारा बँकेचे, तीन स्वतःचे.

हा ठोकताळा पैसा वर्षातून चार वेळा फिरतो या गृहीतावर उभा आहे. किराणा दुकानाला तो लागू पडतो. भाताच्या व्यापाराला पडत नाही. आपल्याकडे भात येते ते दिवाळीच्या आगेमागे, शेतकऱ्याला पैसा रोख हवा असतो, आणि तांदूळ विकला जातो तो पुढच्या पावसाळ्यापर्यंत. वर्षाच्या निम्म्या उलाढालीचे भात दोन महिन्यांत घेऊन ठेवावे लागले, तर पंधरा लाख कोठेच पुरणार नाहीत. नायक समितीचे प्रमाण हे किमान आहे, धंद्याचे चक्र लांब असेल तर बँकेला अधिक मर्यादा मंजूर करता येते; मात्र ते मालकाने मागितले पाहिजे, आणि भातखरेदी, भरडाई व विक्री यांचे महिनावार कोष्टक मांडून पटवून दिले पाहिजे. असे कोष्टक अर्जाला जोडणारा कर्जदार अधिकाऱ्यालाही हवा असतो, कारण त्यावरून माणसाला आपला धंदा कळतो हे दिसते. पर्यटकांसाठी खोल्या बांधणाऱ्यालाही हेच लागू आहे. पावसाळ्यात आणि नाताळात त्याचे उत्पन्न दाटते आणि उन्हाळ्यात आटते. बांधकाम चालू असताना तर ते मुळीच नसते. तेव्हा बांधकामाच्या काळापुरती हप्त्याची सवलत आणि पुढे हंगामाला जुळणारे हप्ते त्याने मंजुरीपूर्वीच मागून घ्यावेत, मंजुरीनंतर ते मिळणे कठीण.

खोपोलीच्या फॅब्रिकेशनवाल्याची अडचण याहून निराळी असते. त्याच्याजवळ काम भरपूर, पण ते एका-दोन कारखान्यांचे, आणि बिले तीन-तीन महिने लटकतात. अशा वेळी नवे कर्ज काढून मजुरी भागवण्यापूर्वी त्याने हे लक्षात घ्यावे की, २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियमाप्रमाणे नोंदणीकृत सूक्ष्म वा लघु पुरवठादाराचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकते करणे खरेदीदारावर बंधनकारक आहे, आणि विलंब झाल्यास बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज देय होते. १९६१ च्या आयकर कायद्याच्या ४३-ब कलमात झालेल्या दुरुस्तीपासून, मुदतीत न दिलेली अशी रक्कम खरेदीदाराला त्या वर्षीच्या खर्चात धरता येत नाही, त्यामुळे मोठ्या कारखान्यांचे लेखाधिकारीही आता याकडे लक्ष देऊ लागले आहेत.

वीटभट्टीविषयी मात्र मला थोडे वेगळे बोलायचे आहे. भट्टीमालकाच्या खेळत्या भांडवलातील मोठी बाब म्हणजे कातकरी कुटुंबांना हंगामापूर्वी दिलेली उचल. पावसाळ्याच्या भुकेच्या दिवसांत घेतलेल्या त्या रकमेपोटी नवरा, बायको आणि हाताशी आलेली मुले सहा-सहा महिने भट्टीवर राबतात, आणि हिशेबाच्या दिवशी पुष्कळदा देणे उरतेच. वेठबिगार निर्मूलनाचा कायदा १९७६ चा आहे. बँकेचा पैसा या उचलीत जात असेल तर मजुराच्या नावाने मजुरीचे पुस्तक आहे काय, त्याला किमान वेतन मिळते काय, हे विचारण्याचा नैतिक अधिकार बँकेला आहे, आणि माझ्या मते ते तिचे कर्तव्यच आहे.

सरकारी योजनांची नावे सर्वांच्या कानांवर असतात, पण कोणती कशासाठी हे फारसे कुणी सांगत नाही. २०१५ मध्ये सुरू झालेल्या मुद्रा योजनेत शिशू गटात पन्नास हजारांपर्यंत, किशोर गटात पाच लाखांपर्यंत आणि तरुण गटात दहा लाखांपर्यंत विनातारण कर्ज मिळते. तरुण गटातील कर्ज नीट फेडलेल्यांना २०२४ पासून वीस लाखांपर्यंतची सोय झाली आहे. मुद्रा हे अनुदान नव्हे, पूर्ण फेडावयाचे कर्ज आहे, आणि त्यासाठी कोणीही अधिकृत एजंट नेमलेला नाही. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम आणि राज्याचा मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम यांत अनुदान असते, परंतु ते मूलतः नव्या उद्योगासाठी. चालू गिरणी वाढवणाऱ्याचा अर्ज तेथे नाकारला जातो तो याच कारणाने, आणि केंद्राच्या योजनेत दुसऱ्या कर्जाची जी सोय आहे ती पूर्वी त्याच योजनेतून किंवा मुद्रेतून कर्ज घेऊन फेडलेल्यांपुरती आहे. अन्नप्रक्रियेचा चालू धंदा वाढवू इच्छिणाऱ्याने २०२० मध्ये आलेली सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजना पाहावी. तिच्यात प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, कमाल दहा लाखांचे कर्जाशी निगडित अनुदान ठरवलेले आहे. या योजनांच्या मुदती आणि अटी बदलत राहतात, म्हणून अलिबागचे जिल्हा उद्योग केंद्र किंवा तालुका कृषी अधिकाऱ्याचे कार्यालय येथे समक्ष चौकशी करूनच पुढे जावे. तारणाऐवजी हमी देणारा सीजीटीएमएसई हा न्यास २००० साली केंद्र सरकार व सिडबी यांनी स्थापन केला, आणि मोठ्या रकमेची विनातारण कर्जे बहुधा त्याच्या छत्राखाली दिली जातात. ही हमी बँकेला असते, कर्जदाराला नव्हे. कर्ज थकले तर न्यास बँकेचे नुकसान भरून देईल, तरी कर्जदाराचे देणे पै-पैशासह कायम राहते.

जामिनाविषयीही लोकांच्या समजुती फार भाबड्या आहेत. ‘दादा, नुसती सही पाहिजे, पैसे मी भरतोय’ असे धाकट्या भावाने किंवा मित्राने म्हटले की आपल्याकडे नाही म्हणण्याची रीत नाही. परंतु १८७२ च्या करार कायद्यानुसार जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. बँकेने आधी कर्जदाराकडून वसुली करून पाहावी अशी सक्तीही नसते. शिवाय कर्जदाराने हप्ते थकवले तर त्याचा डाग जामीनदाराच्या सिबिलसारख्या पतमाहिती अहवालावरही उमटू शकतो, आणि स्वतःचा अर्ज करण्याची वेळ येते तेव्हा त्या जुन्या सहीची आठवण अशी अवचित होते. अर्जापूर्वी आपला अहवाल एकदा मागवून वाचावा. वर्षातून एकदा तो प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून विनामूल्य मिळण्याचा हक्क आहे. फेडून बंद झालेले कर्ज थकीत दाखवलेले असणे यांसारख्या चुका त्यात आढळतात, आणि त्या दुरुस्त व्हायला वेळ लागतो.

अर्ज दिल्यावर त्याची तारखेची पोच घ्यावी. अधिकारी जागा पाहायला येतील तेव्हा गिरणी जशी रोज चालते तशीच त्यांना दिसू द्यावी. मंजुरीपत्र आल्यावर घाईने सही करू नये. व्याजाचा दर तरता आहे की स्थिर, तरता असेल तर तो रेपो दराला जोडलेला आहे काय, प्रक्रिया शुल्क किती, विमा कोणता आणि त्यातला सक्तीचा कोणता, यंत्र व साठा नजरगहाण असताना साठापत्रक दरमहा कोणत्या तारखेपर्यंत द्यायचे, हे मराठीत समजावून मागण्याचा संकोच बाळगू नये. १ जानेवारी २०२६ पासून मंजूर होणाऱ्या तरत्या दराच्या कर्जांपुरता रिझर्व्ह बँकेचा असा आदेश आहे की, सूक्ष्म व लघु उद्योगांनी कर्ज मुदतीपूर्वी फेडल्यास व्यापारी बँकांनी त्यावर शुल्क आकारू नये. अर्ज फेटाळला गेला तर त्याची मुख्य कारणे लेखी कळवणे बँकेवर बंधनकारक आहे. हे पत्र आग्रहाने मागावे, कारण तोंडी नकारातून काहीच शिकता येत नाही, आणि लेखी कारण हाती असले म्हणजे तेच कारण दूर करून दुसऱ्या शाखेत, जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेत किंवा सहा महिन्यांनी त्याच दारात पुन्हा जाता येते.

कर्ज चालू असताना अडचण आली तर बँकेला तोंड चुकवणे हा सर्वांत वाईट मार्ग होय. हप्ता ९० दिवसांहून अधिक थकला की खाते अनुत्पादित ठरते, आणि मग अधिकाऱ्याच्या हातातील लवचिकता फार उरत नाही. त्यापूर्वी मात्र आजारी लघुउद्योगांच्या पुनरुज्जीवनासाठी रिझर्व्ह बँकेने घालून दिलेल्या चौकटीत हप्त्यांची फेररचना मागता येते. पुरात यंत्र बुडाले, मोठा गिऱ्हाईक कारखाना बंद पडला, तर त्याच आठवड्यात लेखी कळवावे आणि पत्राची प्रत जवळ ठेवावी. या काळात हातउसने आणि सावकाराचे पैसे आणून बँकेचा हप्ता भरण्याचा मोह होतो. २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी नियमन अधिनियमाप्रमाणे परवान्यावाचून सावकारी हा गुन्हा आहे, तरीही ती चालते, आणि तिचा व्याजदर बँकेच्या कितीतरी पट असतो.

शेवटचा हप्ता भरला म्हणजे काम संपले असे पुष्कळांना वाटते आणि ते निर्धास्तपणे घरी जातात. बँकेकडून कर्जफेडीचा दाखला आणि ठेवलेले मूळ दस्त परत घ्यायचे असतात; गहाणाची नोंद दुय्यम निबंधकाकडे व केंद्रीय तारण नोंदवहीत झाली असेल तर ती रद्द झाल्याची खातरी करायची असते; आणि सातबाऱ्याच्या इतर हक्कांत बोजा चढला असेल तर तो दाखला जोडून तलाठ्याकडे अर्ज द्यायचा असतो. फेरफार मंजूर होऊन बोजा उतरलेला नवा उतारा हाती येईपर्यंत, कचेरीत दोन-तीन फेऱ्या पडल्या तरी, तो पाठपुरावा सोडू नये. वारसांच्या नावावर जमीन होताना किंवा पुढचे कर्ज मागताना हाच उतारा प्रथम मागितला जातो.